मिनिटाला २१ थेंब : निरंतर प्रार्थना टिकवायची कशी

आमच्या चर्चच्या महिला मंडळात मागच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, एका नव्या सुनेनं विचारलं, "मावशी, शास्त्रात निरंतर प्रार्थना करा म्हटलंय. मी पहाटे डबे करते, दिवसभर दुकानात उभी असते, रात्री पोराचा अभ्यास घेते. यात निरंतर कुठं बसवू?" बायकांनी पटापट उत्तरं दिली. पहाटे चारला ऊठ. मालिका बंद कर. मनापासून असलं की वेळ मिळतो. ती बिचारी मान डोलवत राहिली. तिचा पडलेला चेहरा मला चांगला ओळखीचा होता, कारण असल्याच उत्तरांपायी माझी स्वतःची बरीच वर्षं वाया गेली आहेत. सभेत मी गप्प बसले. सगळ्यांसमोर मोठ्या बायकांना खोडून काढणं बरं दिसत नाही. म्हणून आता लिहिते आहे.

मी नगरची. ३४ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत गेली. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, बायबल कॉलेजची पायरी चढलेली नाही. इथं जे सांगते ते वॉर्डात, स्वयंपाकघरात आणि एका कचेरीच्या बाकड्यावर शिकले आहे.

निरंतर म्हणजे किती

"निरंतर प्रार्थना करा" हे येशूचा प्रेषित पौल यानं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आहे. पण त्याच पत्राचा २ रा अध्याय आपण भरभर वाचून पुढे जातो. तिथं तो त्यांना आठवण करून देतो की तुमच्यातल्या कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कामधंदा करत होतो. पौलाचा धंदा तंबू करण्याचा होता. म्हणजे हे वाक्य लिहिणाऱ्याच्या हातात दिवसभर दाभण होतं. डोळे मिटून गुडघ्यावर बसून राहणं हा अर्थ त्याच्या मनात असता, तर पहिला उपाशी तोच मेला असता.

मला याचा अर्थ सलाईननं कळला. ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची असेल, तर २० थेंबांचा एक मिली धरून मिनिटाला २१ थेंब पडले पाहिजेत. आम्ही घड्याळ समोर धरून मोजायचो. नवी मुलगी घाईत चाक सैल सोडते आणि बाटली तासाभरात रिकामी होते. पेशंट म्हातारा असेल तर छातीत पाणी होऊन धाप लागते. उलट चाक फार आवळलं, थेंब थांबला, की सुईच्या तोंडाशी रक्त गोठतं. मग ती शीर गेली. हात बदला, पुन्हा टोचा, पेशंट ओरडणार, नातेवाईक आपल्यावर ओरडणार.

माझ्या प्रार्थनेचं हे दोन्ही झालेलं आहे. आधी बाटली ओतून पाहिली, मग सुई चोंदली. थेंब चालू राहील एवढीच काळजी घ्यायची हे फार उशिरा सुचलं.

पहाटे चारची गोष्ट

लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. संजीवन सभेत, म्हणजे विश्वास पुन्हा जागा करण्यासाठी भरवलेल्या सभेत, एका पाहुण्या वक्त्यानं पहाटे एक तास देवाला द्या म्हणून हात वर करायला लावले. मी केला. दुसऱ्या दिवसापासून चारचा गजर. नऊ दिवस निभावलं. दहाव्या दिवशी मी गुडघ्यावर असतानाच पलंगाच्या कडेला डोकं टेकवून झोपले, आणि आमच्या ह्यांनी उठून माझ्या पाठीवर चादर टाकली. त्या चादरीची मला इतकी लाज वाटली की पुढे तीन महिने मी जेवणाआधीच्या उपकारस्तुतीपलीकडे काही म्हटलंच नाही. चादर टाकणाऱ्या माणसाचं कौतुक वाटायला हवं होतं, हे आता कळतं.

म्हणून सुरुवात करणाऱ्याला माझा पहिला सल्ला: १० मिनिटं. एकच जागा, एकच वेळ, आणि ती वेळ तुम्ही आधीच न चुकता करत असलेल्या एखाद्या कामाला चिकटलेली हवी. नव्यानं उठायचं नाही. माझी वेळ सकाळच्या चहानंतरची आणि जागा मागच्या दारातलं स्टूल. बायबलमधला दानिएल यरुशलेमेच्या दिशेला उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. माझ्या दारातून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. चालतं.

त्या १० मिनिटांत काय करायचं हेही ठरलेलं असू द्या, नाहीतर निम्मा वेळ "आज काय म्हणू" यातच जातो. मी बसल्यावर आधी मिनिटभर काहीच बोलत नाही. मग बायबलमधल्या एखाद्या स्तोत्राच्या चार-सहा ओवी मोठ्यानं वाचते. मनात वाचल्या तर डोळे पुढे जातात आणि मन मागंच राहतं. नंतर कालच्या एका गोष्टीसाठी उपकार मानते, पण ती गोष्ट नेमकी पाहिजे. "सर्व आशीर्वादांसाठी" असं म्हणायचं नाही. "काल रिक्षावाल्यानं वरचे दहा रुपये परत केले, त्याबद्दल" असं म्हणायचं. मग वहीतली नावं, आणि शेवटी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना, इतकी सावकाश की "रोजची भाकर" म्हणताना खरंच भाकरी डोळ्यांपुढे यावी. संपलं की उठायचं. गोडी लागली म्हणून तास काढला की दुसऱ्या दिवशी १० मिनिटं कमी वाटायला लागतात, तिसऱ्या दिवशी तासाला वेळ नसतो, आणि चौथ्या दिवशी तुम्ही बसतच नाही. मी हे स्वतःवर तीनदा पाहिलं आहे.

खुंट्या

दहा मिनिटं झाली, आता उरलेल्या दिवसाचं काय? तर दिवसभरात अशा खुंट्या शोधा की ज्यांवर एक वाक्य टांगता येईल. खुंटी आपण ठोकायची नसते, ती घरात आधीपासून असते.

माझ्या खुंट्या सांगते. नळाला पाणी आल्याचा पाइपातला घुरघुर आवाज. चहा उकळून वर येण्याची वेळ, जेव्हा तिथून हलता येत नाही. कुलूप लावताना किल्ली फिरते तो क्षण. फोनची पहिली रिंग. मी दुसऱ्या रिंगला उचलते, मधल्या वेळात फोन करणाऱ्यासाठी एक शब्द. अँब्युलन्सचा भोंगा. ही शेवटची सगळ्यात जुनी. ड्यूटीवर असताना भोंगा म्हणजे धावपळ असायची, आता नुसता ऐकू येतो, तर आत कोण आहे ते ठाऊक नसताना त्याच्यासाठी म्हणायचं.

वॉर्डात माझी खुंटी होती नाडी. पेशंटचं मनगट धरून मिनिटभर गप्प उभं राहायचंच असतं. डोळे घड्याळावर, बोटं नाडीवर, आणि मन? मन मोकळंच असतं. तीस खाटांच्या वॉर्डात फेरी मारली की तीस प्रार्थना झाल्या, कुणाला कळलंही नाही. पेशंट हिंदू असो, मुसलमान असो, कुणी असो. मी कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. आकडा मात्र चुकू द्यायचा नाही. प्रार्थनेच्या नादात नाडी चुकली तर ती प्रार्थना काय कामाची?

सुरुवातीला दोनच खुंट्या घ्या. पंधरवडाभर त्या दोनच. तिसरी आपोआप सापडते. आमच्या त्या सुनेला मी नंतर गाठून सांगितलं की दुकानाचं शटर वर जातं तेव्हा एकदा आणि खाली येतं तेव्हा एकदा, बस. ती म्हणाली, "शटर तर आमचे सासरेच उघडतात." म्हटलं, मग सासऱ्यांसाठी म्हण.

कोणतं वाक्य म्हणायचं

खुंटीवर टांगायचं वाक्य एका श्वासात मावलं पाहिजे. शास्त्रातलं असेल तर उत्तम, कारण आपलं स्वतःचं वाक्य रडगाणं कधी होतं ते कळत नाही. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराचं आहे: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." देवाची हाक ऐकणाऱ्या लहान शमुवेलाचं आहे: बोल, तुझा दास ऐकत आहे. योहान कॅसियन नावाच्या मठवाशानं पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंची शिकवण लिहून ठेवली. त्यात ७० व्या स्तोत्राची सुरुवातीची ओळ दिली आहे, देवा माझ्या साहाय्यास त्वरा कर, या अर्थाची. ती एकच ओळ खाताना, झोपताना, मोह पडताना, भीती वाटताना, सगळीकडे वापरायची. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत येशूचं नाव घेऊन दया मागण्याची छोटी प्रार्थना शेकडो वर्षं अशीच चालत आली आहे.

आमच्याकडे काही लोकांना याची धास्ती वाटते. एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "हा जप झाला. प्रभूनं व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय." बरोबर आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानात ६ व्या अध्यायात म्हटलं आहे. पण तिथं प्रभू कुणाला टोकतो ते बघा: फार बोललं म्हणजे देव ऐकतो असं ज्यांना वाटतं त्यांना. माझं वाक्य दोन-तीन शब्दांचं असतं, बडबड कुठली? गेथशेमाने बागेत प्रभूनं स्वतः तिसऱ्या वेळीही तेच शब्द बोलून प्रार्थना केली असं मत्तयच लिहितो. मी मोजत मात्र नाही. आज शंभर झाले, काल ऐंशीच, हा हिशेब सुरू झाला की आपण देवाशी बोलणं सोडून स्वतःच्या पाठीवर थापा मारायला लागतो.

आणि खरं सांगू? नामस्मरण आपल्या मातीतच आहे. माझ्या शेजारच्या काकू माळकरी आहेत. भिंतीपलीकडून भांड्यांच्या आवाजाबरोबर त्यांचं रामकृष्णहरी माझ्या कानावर तीस वर्षं पडतं आहे. हात कामात आणि तोंडी नाव हे मला कुणा परदेशी साधूआधी त्यांनी दाखवलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या या नगरातच वर्षानुवर्षं राहिले, त्यांची पदं आम्ही दर रविवारी गातो. ते म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग मी पुलावरून चालायला का लाजू?

माझं वाक्य आहे, "प्रभू, इथं ये." भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात असताना ते तोंडात बसलं. एकदा पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "तो तर आहेच की सगळीकडे, ये काय म्हणता?" म्हटलं, साहेब, त्या वॉर्डात रात्री तीन वाजता एकदा उभे राहा, मग काय म्हणायचं ते आपण ठरवू. ते हसले. वाक्य मी बदललं नाही. तुम्ही निवडाल तेही निदान वर्षभर बदलू नका. जुन्या चपलेसारखं ते पायाला बसावं लागतं.

एक सावधगिरी. नुसत्या खुंट्यांवर जगू नका. बायबलमधल्या नहेम्याची, राजाला पेला देणाऱ्या सेवकाची, गोष्ट आठवा. राजानं विचारलं, तुला काय पाहिजे, आणि उत्तर देण्याच्या आधी त्यानं तिथल्या तिथं देवाची प्रार्थना केली. किती वेळ मिळाला असेल? राजाच्या हातात पेला, समोर राणी बसलेली. श्वासभर. पण त्याच्या आधीचा अध्याय वाचा. किसलेव या यहुदी महिन्यात त्याला यरुशलेमेची बातमी कळली, राजासमोरचा प्रसंग नीसान महिन्यातला. मधले चार महिने तो रडत, उपास करत, प्रार्थना करत होता. श्वासभराच्या प्रार्थनेमागं ते चार महिने होते. आपल्या शटरमागं ती १० मिनिटं असतात.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. तिचे सात भाग करा, प्रत्येक वाराला एक. रोज सगळ्यांची नावं घ्यायला गेलात तर रेशनच्या रांगेसारखी हजेरी होते. माझा सोमवार घरच्यांचा, मंगळवार आजाऱ्यांचा, बुधवार मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चमधल्या लोकांचा. शनिवार ज्यांच्याशी माझं पटत नाही त्यांचा. शनिवारचं पान मी मुद्दाम छोटं ठेवलं होतं, पण तेच सगळ्यात आधी भरलं.

नावापुढे तारीख टाका आणि नेमकं काय मागता ते चार शब्दांत लिहा. "आशीर्वाद" लिहू नका. "गुडघ्याचं ऑपरेशन, भूल नीट उतरावी" असं लिहा. उजवीकडे जागा सोडा. उत्तर आलं की तिथं तारीख. उत्तर "नाही" असं आलं तरी लिहायचं. माझ्या वह्यांत "नाही" भरपूर आहेत. ते लिहिले नसते तर माझ्या मनानं ते गुपचूप विसरून टाकले असते, आणि देवाविषयी माझी समजूत खोटी गोड झाली असती.

मन पळतं तेव्हा

पळणारच. स्तोत्र वाचताना गॅस बंद केला का, सिलिंडर कधी सांगायचं, नणंद त्या दिवशी असं का बोलली. आधी मी मनाला दटावून परत आणायचे, आणि त्या दटावण्यातच दमायचे. आता जिथं पळालं तिथंच प्रार्थना करते. नणंद आठवली ना, मग नणंदेचं नाव घे. सिलिंडर आठवला, तर ज्यांच्याकडे भरायला पैसे नाहीत त्यांचं. आणि परत ओवीवर. एक कागदाचा कपटा जवळ ठेवा. "सिलिंडर" एवढं खरडलं की मन ते धरून बसत नाही.

कोरडे दिवस

सहा वर्षांपूर्वी हे गेले. झटका आला आणि अकरा दिवसांत संपलं. मी नर्स, सगळं कळत होतं, डॉक्टर काय लपवतात तेही कळत होतं. त्या अकरा दिवसांत मी इतकी प्रार्थना केली की गळा बसला. आणि मातीनंतर आतून सगळं बंद. स्टुलावर बसायची, पण एक शब्द उमटायचा नाही. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, प्रभूची इच्छा. मला त्यांना दार दाखवावंसं वाटायचं.

असे चार महिने गेले. त्या काळात जे उपयोगी पडलं तेवढं सांगते, कारण हा दिवस प्रत्येकावर येतो आणि तेव्हा कुणी हे सांगत नाही.

पहिलं, जागा सोडली नाही. शब्द नसले तरी दहा मिनिटं स्टुलावर बसले. आजारी माणूस जेवला नाही तरी आपण ताट त्याच्यापुढे ठेवतोच.

दुसरं, उसने शब्द. उपासना संगीताचं पुस्तक उघडायचं आणि पद नुसतं वाचायचं, चाल न लावता. स्तोत्रं वाचायची, पण आनंदाची नाही. मला ८८ वं स्तोत्र सापडलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. महिनाभर मी तेवढंच वाचलं. मला "सर्व ठीक होईल" असं न सांगणारा तेवढा एकच सोबती होता.

तिसरं, दुसऱ्यांवर सोपवलं. माझ्या एका मैत्रिणीला, तीही रिटायर सिस्टर, मी सरळ सांगितलं, "माझ्याच्यानं होत नाही, माझ्या वाटची तू कर." तिनं उपदेश केला नाही. "बरं" म्हणाली. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल म्हणतो की आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्यानं आपल्यासाठी रदबदली करतो. कण्हणं मला ठाऊक आहे. रात्रपाळीत अंधारात कण्हण्यावरूनच कळतं कुठल्या खाटेवर जायचं. पेशंटला बेल दाबता येत नसली तरी आपण जातोच ना.

शब्द परत कधी आले? काही प्रकाश वगैरे पडला नाही. एका सकाळी नळाला पाणी आलं, पाइप घुरघुरला आणि तोंडातून निघून गेलं, "प्रभू, इथं ये." म्हटल्यावर माझ्याच लक्षात आलं. जुनी खुंटी तिथंच होती.

उत्तर येत नाही तेव्हा

लूकच्या १८ व्या अध्यायात प्रभू न्यायासाठी एका न्यायाधीशाकडे पुन्हापुन्हा जाणाऱ्या विधवेचा दाखला देतो, आणि लूक आधीच सांगून टाकतो की हा दाखला सर्वदा प्रार्थना करावी व खचू नये यासाठी आहे. हा दाखला मी विधवा झाल्यावर नीट वाचला. ह्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी एका कचेरीत मी १४ खेपा घातल्या. आज साहेब नाहीत. वारस दाखल्याची झेरॉक्स नको, मूळ प्रत आणा. नावात "राव" जास्त आहे. मी डबा बांधून न्यायला लागले. तिथल्या बाकड्यावर बसून मी तो अध्याय वाचला आहे, आणि एक गोष्ट ध्यानात आली जी कुठल्याच उपदेशात ऐकली नव्हती. देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं प्रभू म्हणतच नाही. तो न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, असला माणूससुद्धा कंटाळून न्याय देतो. मग देव देणार नाही का, असा तो प्रश्न आहे. म्हणून प्रार्थनेत देवाला कंटाळवायला जायचं नसतं. जायचं ते बाकडं न सोडण्यासाठी.

आता माझा भाऊ. धाकटा. त्याची दारू सुटावी म्हणून २२ वर्षं गुरुवारच्या पानावर त्याचं नाव आहे. वह्या बदलल्या, नाव पुढच्या वहीत गेलं. दोनदा सुटली, दोनदा परत लागली. अजून पितो. मी इथं चमत्काराची साक्ष देऊ शकत नाही, आणि ज्या साक्षी ऐकून घरोघरच्या बहिणी "आपल्यातच विश्वास कमी" म्हणून रडतात, त्या मला सभेत ऐकवतही नाहीत. बदल झाला तो एवढाच की पूर्वी त्याचा फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा आणि मी खेकसायचे. आता रिंग वाजते, खुंटी आहेच, एक शब्द होतो आणि मग मी फोन घेते. त्यामुळे तो अजून फोन करतो. बाकीच्या भावंडांना करत नाही.

गोळी घ्या

हे थोडक्यात, पण नर्स म्हणून सांगणं भाग आहे. प्रार्थना केली म्हणून बीपीची, फिटची, डोक्याच्या आजाराची गोळी कुणी बंद करायला सांगितली, तर त्या माणसाचं ऐकू नका, तो व्यासपीठावर असला तरी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपास-प्रार्थना करू नका. साखर खाली जाऊन बेशुद्ध पडलेल्या बायका मी उपासकाळात पाहिल्या आहेत. अन्नाऐवजी मोबाइलचा उपास करा. तो मला तरी जास्त जड जातो.

सोबत

एकट्यानं हे फार दिवस निभत नाही. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत संजीवनासाठी रोज प्रार्थना करायला मुलींना बोलावलं. सुरुवातीला ७० जणी होत्या, जूनपर्यंत ५५० झाल्या, आणि जूनच्या अखेरीस तिथं ते मोठं संजीवन झालं. लोक जूनचं सांगतात. मला जानेवारी ते जून जास्त महत्त्वाचे वाटतात, मुली रोज उठून तिथं येऊन बसत होत्या ते महिने. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७२७ साली तासांच्या पाळ्या लावून घेतल्या आणि ती प्रार्थना शंभर वर्षांहून अधिक चालली. पाळी म्हटली की मला लगेच पटतं. एकाच सिस्टरला चोवीस तास उभं केलं तर वॉर्ड चालेल का? तिची ड्यूटी संपते, दुसरी चार्ज घेते, आणि पेशंटला मध्ये खंड पडलेला कळत नाही. "निरंतर प्रार्थना करा" हेही पौलानं एका माणसाला लिहिलेलं नाही, सगळ्या मंडळीला लिहिलं आहे.

म्हणून एक माणूस गाठा. माझी ती मैत्रीण आणि मी, सकाळी ६.४० ला फोन. चार मिनिटं. ती दोन नावं सांगते, मी दोन, एकजण प्रार्थना करते, आमेन, फोन खाली. गप्पांना बंदी, गप्पा संध्याकाळी. ही बंदी मोडली की आठवड्याभरात तो गप्पांचाच फोन होतो.

व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना ग्रुपचंही सांगते. कुणी लिहितं, अमक्याचं ऑपरेशन आहे, आणि खाली चाळीस हात जोडलेली चित्रं. त्यातल्या कितींनी प्रार्थना केली असेल? मीही असंच करायचे. आता आधी प्रार्थना, मग आमेन टाइप. वेळ नसेल तर टाइपच करायचं नाही.

खंड पडला तर

पडेल. लग्नकार्य, प्रवास, ताप, नुसता कंटाळा. आठ-पंधरा दिवस स्टूल रिकामं राहील. परत याल तेव्हा एकच करा: थकबाकी भरायला जाऊ नका. चुकलेल्या दिवसांची नावं एकत्र करून तासभर बसू नका, क्षमा मागण्यातच सगळी दहा मिनिटं घालवू नका. बंद पडलेलं सलाईन परत सुरू करताना राहिलेलं सगळं एकदम सोडत नाहीत. शीर बघायची, चाक हळूहळू उघडायचं, घड्याळ समोर धरायचं आणि थेंब मोजायचे. त्या दिवशी जो वार असेल त्याच वाराचं पान उघडायचं.

आज बुधवार. मंडळीचं पान. त्या सुनेचं नाव मी तिथं लिहिलं आहे, खाली तिच्या सासऱ्यांचं.